आंदोऱ्याला व्हिसा लागत नाही, पण वाटेत स्पेन आहे

आंदोरा या देशात शिरायला कुणालाच व्हिसा लागत नाही. भारतीयाला लागत नाही, ब्राझीलवाल्याला लागत नाही, कुणालाच नाही. पर्यटक म्हणून तीन महिन्यांपर्यंत राहायचं असेल तर चालू पासपोर्ट पुरतो. हा देश पर्यटक व्हिसा देतच नाही, त्यामुळे तो देणारी कचेरीही जगात कुठे सापडणार नाही. साहजिकच ‘भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येणारे युरोपीय देश’ अशा ज्या याद्या दर उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांत आंदोऱ्याचं नाव असतंच.

यादी खोटी नाही. ती फक्त एवढंच सांगत नाही की आंदोऱ्याला विमानतळ नाही, रेल्वे नाही आणि समुद्रही नाही. पिरेनीज पर्वताच्या कुशीत, फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध 468 चौरस किलोमीटरचा हा देश आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तरी त्यांत तो बसून जागा उरेल. आत जायचे मोठे रस्ते दोनच. एक स्पेनकडून येतो, दुसरा फ्रान्सकडून. म्हणजे जुन्या वाड्यातली सगळ्यात आतली खोली समजा. तिला कुलूप नाही, पण तिथं पोचायला दोनपैकी एका बिऱ्हाडाच्या पडवीतून जावं लागतं आणि त्या दोन्ही बिऱ्हाडांना कडी आहे.

ही कडी म्हणजे शेंगेन व्हिसा. युरोपातल्या 29 देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकली आहे आणि बाहेरच्यांसाठी एकच सामाईक व्हिसा ठेवला आहे. स्पेन आणि फ्रान्स दोघंही त्यात आहेत. आंदोरा नाही. तो युरोपीय संघाचा सदस्यही नाही, मात्र चलन युरोच आहे. भारतीय पासपोर्टवर स्पेनमधल्या बार्सिलोनाला किंवा फ्रान्समधल्या तुलूजला उतरायचं तर शेंगेन व्हिसा हवाच, आणि या दोनपैकी एका देशातून गेल्याशिवाय सर्वसाधारण प्रवाशाला आंदोरा गाठता येत नाही. माद्रिदहून एक छोटं विमान जातं, ‘आंदोरा–ला सेउ दुर्जेल’ अशा नावाच्या विमानतळावर. नावात आंदोरा असलं तरी तो विमानतळ स्पेनच्या हद्दीत आहे. फ्रान्सच्या बाजूचं सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन लोस्पिताले हेही फ्रान्समध्येच.

इथपर्यंत अनेकांच्या लक्षात येतं. ‘म्हणजे शेंगेन व्हिसा काढायचा, झालं’ असं म्हणून ते कामाला लागतात. गोची पुढे आहे.

एकदा आत, एकदा बाहेर

शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर एक चौकट असते, त्यात किती वेळा प्रवेश करता येईल ते लिहिलेलं असतं. तिथं 01 असेल तर एकदा, 02 असेल तर दोनदा, आणि रोमन लिपीत ‘मल्ट’ अशी चार अक्षरं असतील तर व्हिसाची मुदत संपेपर्यंत कितीही वेळा. पॅरिस-रोम-ॲमस्टरडॅम अशी सहल करून परत येणाऱ्याला 01 पुरतो, कारण तो एकदा आत जातो आणि एकदा बाहेर पडतो, मधल्या सीमा मोजल्या जात नाहीत.

आंदोऱ्याची सहल वेगळी पडते. समजा नाशिकचं एक जोडपं मुंबईहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून बार्सिलोनाला उतरलं. पासपोर्टची तपासणी झाली, पहिली एन्ट्री वापरली गेली. दोन दिवस गाउदी या वास्तुकाराच्या इमारती पाहून त्यांनी बस पकडली आणि साधारण तीन तासांनी ते आंदोऱ्यात पोचले. ज्या क्षणी बसनं सीमा ओलांडली त्या क्षणी ते शेंगेनच्या बाहेर गेले. स्टिकरवर 01 असेल तर तो व्हिसा त्यांच्यापुरता तिथंच संपला. व्हिसावर अजून बारा दिवसांची मुदत दिसत असली तरी परत स्पेनमध्ये यायचा हक्क त्यांच्याकडे उरलेला नाही. फ्रान्समध्येही नाही. आणि आंदोऱ्यातून थेट मुंबईला जायला विमान तर नाहीच.

तुम्ही अशा देशात असता की जिथं राहायला कायद्यानं काही हरकत नाही आणि तिथून बाहेर पडायला मात्र रस्ताच नाही. आंदोरा ला व्हेया या राजधानीत स्पेन आणि फ्रान्स दोघांचे दूतावास आहेत. पण शेंगेन व्हिसाचा अर्ज माणूस जिथं कायदेशीर रहिवासी असतो तिथून करायचा असतो. सुट्टीवर आलेल्या माणसाला तिथल्या तिथं नवा व्हिसा मिळेल यावर भिस्त ठेवणं म्हणजे शुद्ध जुगार.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, तिथं कुणी विचारतच नाही.’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट बघितला जात नाही. आंदोऱ्यात शिरताना तर बहुतेकदा बस थांबतही नाही. परतीच्या वाटेवर मात्र स्पॅनिश किंवा फ्रेंच पोलीस आणि कस्टमवाले मनात आलं की गाडी बाजूला घेतात. दहांपैकी नऊ बस सुटतील. तुमची दहावी असली तर ‘कुणी विचारत नाही’ असं सांगणारा तिथं नसतो. शिवाय प्रश्न त्या दिवसापुरता राहत नाही. नियम मोडल्याची नोंद झाली की पुढच्या प्रत्येक युरोपीय अर्जात ती समोर येते.

म्हणून अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेश मागायचे. फॉर्ममध्ये त्याचा रकाना असतो. सोबतच्या पत्रात कारण एका वाक्यात लिहायचं: अमुक तारखेला बार्सिलोनाहून आंदोऱ्याला जाणार, अमुक तारखेला परत येणार, म्हणून शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश हवा. आंदोऱ्यातल्या हॉटेलचं बुकिंग जोडायचं, जमलं तर बसचंही. फिरण्याच्या एकाच खेपेसाठी 02 देखील पुरतो. आणि व्हिसा हातात आला की पासपोर्ट तसाच कपाटात न ठेवता स्टिकर वाचायचा. मागितलं होतं म्हणून मिळालंच असेल, असं धरून चालू नका. 01 आला असेल तर आंदोरा या वेळी गाळायचा, दुसरा मार्ग नाही.

स्टिकर वाचतानाच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. व्हिसाचा प्रकार ‘सी’ हवा. ‘ए’ हा फक्त विमानतळावर विमान बदलण्यापुरता असतो, त्यावर बाहेर पडता येत नाही. आणि मुदत वेगळी, राहण्याचे दिवस वेगळे. मुदत महिनाभराची दिसते, दिवसांच्या चौकटीत मात्र 12 लिहिलेलं असतं. त्या महिन्याभरात कुठलेही बारा दिवस, एवढाच त्याचा अर्थ.

मग सान मारिनोला कसं चालतं?

हा प्रश्न रास्त आहे. सान मारिनो हाही चिमुकला देश, चारी बाजूंनी इटलीनं वेढलेला, तोही शेंगेनचा सदस्य नाही आणि तोही व्हिसा मागत नाही. तिथं आपली माणसं 01 च्या व्हिसावर बिनधास्त जाऊन येतात. फरक असा की इटली आणि सान मारिनो यांच्यामध्ये सीमेवरची तपासणीच नाही. रिमिनीहून बस निघते आणि डोंगरावर नेऊन सोडते. व्हॅटिकनचं तर सांगायलाच नको, सेंट पीटर्सच्या चौकात रोमचाच फुटपाथ पुढे जातो. मोनॅकोच्या सीमेचा कारभार फ्रान्स बघतो, त्यामुळे तो व्यवहारात शेंगेनच्या आतच धरला जातो. लिख्टेनश्टाइन 2011 पासून रीतसर शेंगेनमध्ये आहे. छोट्या देशांच्या या रांगेत खऱ्या अर्थानं सीमा शिल्लक आहे ती आंदोऱ्यालाच.

याचं मूळ जुनं आहे. 1278 मध्ये उर्जेलचा बिशप आणि पलीकडे, आजच्या फ्रान्समधल्या फ्वा प्रांताचा काउंट (सरदार) यांच्यात करार झाला आणि आंदोऱ्यावर दोघांची सामाईक सत्ता आली. काउंटचे हक्क पुढे फ्रान्सच्या राजाकडे गेले, तिथून राष्ट्राध्यक्षाकडे. आजही फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आणि स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप हे दोघं आंदोऱ्याचे सहराजे आहेत. लेखी संविधान आलं 1993 मध्ये, संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्वही त्याच वर्षी. दोन शेजाऱ्यांपैकी कुणा एकाचाच होऊन राहणं या देशाला कधी परवडलं नाही. कमी करांवर आणि स्वस्त खरेदीवर त्याचं पोट चालतं, तेव्हा मालाची सीमा पुसून टाकणंही सोपं नाही. माल तपासायचा म्हणजे नाका हवा, आणि नाका असला की तिथं माणसंही अडवता येतात.

शेजाऱ्यांच्या कडीची ताकद किती, याचा एक गमतीदार दाखला आहे. 1934 मध्ये बोरिस स्कोसिरेफ नावाच्या एका रशियन निर्वासितानं स्वतःला आंदोऱ्याचा राजा जाहीर केलं. त्याची राजवट काही दिवसच टिकली. त्याला पकडलं ते स्पेनच्या पोलिसांनी.

अर्ज कुणाकडे करायचा

आंदोऱ्याचा व्हिसा नाही, तर अर्ज कुठल्या दूतावासात टाकायचा? नियम असा: शेंगेनमधल्या ज्या देशात तुम्ही जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. आंदोऱ्यातल्या रात्री या हिशेबात धरायच्याच नाहीत. पाच दिवस आंदोरा आणि दोन दिवस बार्सिलोना असा बेत असेल, तर शेंगेनमधला देश एकच, म्हणून अर्ज स्पेनकडे. चार रात्री पॅरिस, एक तुलूज, तीन आंदोरा, तीन बार्सिलोना असं असेल तर फ्रान्सच्या पाच आणि स्पेनच्या तीन, म्हणून फ्रान्सकडे. दिवस सारखे भरले तर जिथं आधी उतरणार त्याच्याकडे. मुंबईत दोन्ही देशांचे महावाणिज्य दूतावास आहेत, मात्र कागद स्वीकारण्याचं काम त्यांनी नेमलेल्या केंद्रांमार्फत चालतं आणि त्या केंद्रांचं सेवाशुल्क वेगळं पडतं.

व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना नाही. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो पडलाच पाहिजे. निर्णयाला पंधरा दिवस लागतात असं नियम म्हणतो, प्रकरण अडलं तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं. एप्रिल-मेची सुट्टी धरून निघणाऱ्यांनी यातला मोठाच आकडा मनात ठेवावा. केंद्रावर तारीख मिळायलाच कधीकधी इतके दिवस जातात की ‘तारीख काढून देतो’ म्हणणारे दलाल पोसले जातात. त्यांना पैसे देण्यापेक्षा जानेवारीत जागं होणं स्वस्त.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, शेंगेनमधून शेवटच्या वेळी बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बाकीचे कागद ओळखीचे आहेत: बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, रजेचं पत्र, परतीचं तिकीट, हॉटेलं. स्पेन माणशी रोज किती पैसे हाताशी हवेत हे ठरवून देतो. तो आकडा तिथल्या किमान वेतनाशी बांधलेला आहे आणि गेल्या काही वर्षांत रोज शंभर युरोच्या वर गेला आहे. बार्सिलोनात भाचा आहे, त्याच्याकडे उतरणार, तर हॉटेलचं बुकिंग लागणार नाही, पण त्या भाच्याला तिथल्या पोलीस कचेरीतून रीतसर निमंत्रणपत्र काढावं लागतं. साध्या कागदावर ‘मावशी माझ्याकडे राहणार आहे’ असं लिहून चालत नाही. फ्रान्समध्ये असंच पत्र नगरपालिकेतून काढतात.

विम्यापाशी जरा थांबतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो काढताना एजंट यादीतून ‘शेंगेन’ निवडतो आणि मोकळा होतो. आंदोरा शेंगेनमध्ये नाही, मग पॉलिसीत तो आहे का? काही पॉलिसी ‘संपूर्ण युरोप’ म्हणतात, काही देशांची यादी देतात. यादीत आंदोऱ्याचं नाव नसेल तर तुम्ही विमा असूनही विम्याविना फिरत असता, आणि तेही अशा देशात की जिथं लोक हिवाळ्यात मुख्यतः बर्फावरून घसरायला जातात. स्कीईंग करायचं असेल तर त्याचं संरक्षण बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं. मोडलेला पाय डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च हॉस्पिटलच्या बिलाआधीच सुरू होतो.

एक चांगली बातमीही आहे. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगानं भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळून ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि कितीही प्रवेशांचा मिळू शकतो; त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा. असा व्हिसा असलेल्याला आंदोऱ्याचा एन्ट्रीचा प्रश्न उरतच नाही. पहिल्यांदाच युरोपला निघालेल्यानं मात्र सवलतीच्या भरवशावर राहू नये.

नव्वद दिवसांचा हिशेब

आठ-दहा दिवसांच्या सहलीला हा भाग लागत नाही. तो लागतो फ्रँकफर्टला मुलीकडे तीन महिने राहायला गेलेल्या आई-बाबांना.

शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. हे 180 दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात. ज्या दिवशी तपासणी होईल त्या दिवसापासून मागे 180 मोजायचे आणि त्यातले आत काढलेले दिवस धरायचे. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

आता समजा आई-बाबा 1 मार्चला उतरले. जर्मनीत मजेत राहून 24 मेला सगळेजण आंदोऱ्याला पोचले. त्या दिवशी 85 भरले. 29 मेपर्यंत तिथं राहून 30 मेला बार्सिलोनाला परत आले आणि 2 जूनला मुंबईचं विमान. आंदोऱ्यातले पूर्ण पाच दिवस शेंगेनचे नाहीत, म्हणून एकूण भरले 89. कागदावर सगळं बरोबर आहे.

अडचण अशी की ते 24 मेला बाहेर पडले आणि 30 मेला परत आले, हे कुणी लिहून ठेवलं? नाक्यावर शिक्का बसला नसेल तर पासपोर्टच्या लेखी ते 1 मार्चपासून 2 जूनपर्यंत सलग आतच होते, म्हणजे 94 दिवस. ऑक्टोबर 2025 पासून युरोपनं शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. पूर्वी अधिकारी शिक्क्यांवर बोट ठेवत मोजायचा, त्यात एखादा चुकायचा, एखादा सोडून द्यायचा. यंत्र बेरीज करतं आणि लाल दिवा लावतं. तुम्ही प्रत्यक्षात बाहेर होता हे दाखवायची मुभा नियमात आहे, तिकिटं वगैरे पुरावा धरला जातो, म्हणून बसची तिकिटं आणि हॉटेलची बिलं जपून ठेवायची. पण विमान सुटायच्या दोन तास आधी, काउंटरवर, परक्या भाषेत हे पटवून देण्याची वेळ आईवर यावी असं कुणाला वाटेल? माझं मत विचाराल तर आंदोऱ्यातले दिवस शेंगेनचेच समजून बेत आखावा. नव्वद दिवस संपत आले म्हणून काही दिवस आंदोऱ्यात काढून ‘मीटर थांबवायचं’ ही युक्ती कागदावरच शोभते.

एकाच घरातले वेगवेगळे पासपोर्ट

गोव्यातल्या काही घरांत हा प्रश्न अगदी जिवंत आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि अनेकांनी ते घेतलं आहे. असा माणूस युरोपीय संघाचा नागरिक. तो स्पेनमधून आंदोऱ्यात नुसत्या ओळखपत्रावर जातो आणि येतो, त्याला 90 दिवसांची मोजणीही नाही. त्याची बायको भारतीय पासपोर्टवर असेल तर तिचे नियम वेगळे, तिनं आपले कागद स्वतंत्रपणे बघायला हवेत. नवऱ्याचा लाल पोर्तुगीज पासपोर्ट बघून नाक्यावरचा पोलीस तिला सोडून देईल असं नाही. जाता जाता, आंदोऱ्यात पोर्तुगीज लोकांची वस्ती मोठी आहे, तेव्हा गोव्याच्या आजोबांना तिथं गप्पा मारायला कुणीतरी नक्की भेटेल.

जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा शेंगेन देशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाकडे तिथलं रहिवासी कार्ड असतं. ते कार्ड आणि भारतीय पासपोर्ट यांच्या जोरावर त्याला आंदोऱ्याहून परत येता येतं, एन्ट्रीची चौकट त्याला लागू नाही. लंडनच्या मराठी कुटुंबाची गोष्ट मात्र उलटी आहे. ब्रिटनमध्ये वीस वर्षं राहिलेला, पण भारतीय पासपोर्ट ठेवलेला माणूस शेंगेनच्या दृष्टीनं भारतातून आलेल्यासारखाच. त्याला व्हिसा लागतो, एकाहून जास्त प्रवेशांचा. त्याच घरात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलाला लागत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते ओसीआय कार्ड इथं कुणाच्याच कामाचं नाही, युरोपात शिरायला ते चालत नाही.

ज्यांना शेंगेन व्हिसा लागत नाही, म्हणजे अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाले, त्यांच्यासाठी युरोप एक ऑनलाइन पूर्वपरवानगी आणतो आहे. तिचं नाव एतियास, फी 20 युरो, मुदत तीन वर्षं, आणि 2026 च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करण्याचं युरोपीय संघानं जाहीर केलं आहे. आंदोरा ती मागणार नाही, पण स्पेन आणि फ्रान्स मागणार, म्हणजे पुन्हा तेच. न्यू जर्सीच्या काकांना आजवर काहीच काढावं लागत नव्हतं, आता त्यांनाही फॉर्म भरावा लागेल. भारतीय पासपोर्टवाल्यांचा एतियासशी संबंध नाही, आपल्याला व्हिसाच लागतो. ‘भारतीयांसाठी एतियास काढून देतो’ अशी जाहिरात दिसली तर ती करणाऱ्यापासून लांब राहा.

व्हिसामाफी दुसऱ्या देशांच्या हातात असते आणि ती काढूनही घेतली जाते. सर्बिया भारतीयांना तीस दिवस व्हिसाशिवाय येऊ देत होता. 1 जानेवारी 2023 पासून ती सोय बंद झाली. जुन्या याद्यांत मात्र सर्बिया अजून जागच्या जागी आहे. यादी कुठल्या वर्षाची आहे हे बघितल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रत्यक्ष नाक्यावर

स्पेनकडून येणारा रस्ता बारमाही सोपा आहे. फ्रान्सकडचा पास दे ला कासा या गावातून येतो आणि पुढे एन्व्हालिराचा घाट लागतो, 2,408 मीटर उंचीचा. तिथं बोगदा आहे, टोल आहे, आणि हिवाळ्यात बर्फानं रस्ता अडकतो. थंडीत गाडी भाड्यानं घेऊन जाणार असाल तर बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतील, आणि ती गाडी आंदोऱ्यात नेण्याची परवानगी भाडेकरारात आहे का तेही आधीच विचारा. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी बार्सिलोना विमानतळावरून सुटणारी बसच सुचवेन.

सीमा ओलांडल्याचं सगळ्यात आधी कळतं ते तुमच्या मोबाइलला. युरोपीय संघातलं रोमिंग आंदोऱ्यात लागू नाही, आणि ‘युरोप’ म्हणून विकली जाणारी बरीच सिमकार्डं तिथं चालत नाहीत किंवा चालली तर भरमसाट बिल करतात. नाक्याच्या आधी डेटा बंद करा, हॉटेलचा पत्ता आधी उतरवून ठेवा.

पासपोर्टवर आंदोऱ्याचा शिक्का हवा अशी हौस असेल तर तो आपणहून मागावा लागतो. हौसेचे शिक्के पासपोर्टवर न घेतलेले बरे. देशाच्या प्रवेश-निर्गमनाचा अधिकृत शिक्का ठीक, पर्यटन कार्यालयातला आठवणीचा शिक्का हवा असेल तर पोस्टकार्डावर घ्या.

परतताना बस थांबवली गेली तर बहुतेकदा व्हिसापेक्षा पिशव्यांसाठी. आंदोऱ्यात विक्रीवरचा सर्वसाधारण कर 4.5 टक्के आहे, स्पेनमध्ये 21. त्यामुळे अत्तरं, दारू, सिगारेटी, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्या दुकानांनी राजधानीचा मुख्य रस्ता भरलेला असतो. बाहेर नेण्यावर मात्र मर्यादा आहे: माणशी 300 सिगारेटी, कडक दारू दीड लिटर, आणि बाकी मालालाही किमतीची हद्द. बिलं हाताशी ठेवा. भारतातून नेलेला महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप असेल तर त्याच्या बिलाचा फोटोही फोनमध्ये असू द्या, नाहीतर तो आंदोऱ्यातच घेतला असं समजून विचारणा होऊ शकते.

आणि पासपोर्ट अंगावरच ठेवा, बसच्या पोटातल्या बॅगेत नको. तो आंदोऱ्यात हरवला तर त्याच्याबरोबर व्हिसाही गेला, म्हणजे स्पेनमध्ये परतण्याचा कागद गेला. आंदोऱ्याचं काम भारताचा माद्रिदमधला दूतावास बघतो. त्याचा फोन नंबर, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाच्या स्टिकरची छायाप्रत वेगळ्या बॅगेत असेल तर निदान पोलीस तक्रारीपासून पुढची पावलं फोनवर विचारता येतात.